बाबांचं गाऱ्हाणं ठेवायची डिस्क

डिस्क पहिल्यांदा टकटकली ती चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात. मी शिडीवर उभी राहून माळ्यावरचं आराशीचं सामान खाली देत होते आणि आई ते घेत होती. दोघींची नेहमीची कुरबुर चालली होती. मी म्हणत होते, यंदा सगळ्यालाच उशीर झालाय, ऐन वेळी काहीतरी बिघडणार. तेवढ्यात टीव्हीच्या मागून टक, टक, टक असा आवाज आला. आईने हातातला खोका खाली ठेवला.

"पाल चुकचुकली गो. आता तू बोललंस तां खरा जातला."

पाल नव्हती. पाल असती तर मी आनंदाने देवापुढे नारळ ठेवला असता. आवाज टीव्हीमागच्या काळ्या पेटीतून येत होता. ती आमची जुनी हार्ड डिस्क. राउटरला जोडून ठेवली होती, त्यामुळे तिच्यातलं काहीही घरातल्या टीव्हीवर किंवा मोबाईलवर लावता यायचं. मी जवळ जाऊन कान दिला. आतली चकती फिरायला लागायची, टकटक व्हायची, थांबायची, परत फिरायला लागायची. मी तिथून हललेच नाही. उरलेलं सामान आईनेच शिडीवर चढून काढलं आणि काढताना मला चार शब्द ऐकवले.

मी मुळातच भित्री. विहिरीत वाकून बघत नाही, गाडी शिकले पण चालवत नाही, डॉक्टरांचा फोन आला तर आधी आईच्या हातात देते. घरात माझी यावरून भरपूर टिंगल होते. पण त्या दिवशीची भीती टिंगल करण्यासारखी नव्हती, कारण त्या पेटीत बाबांचा आवाज होता आणि तो दुसरीकडे कुठेच नव्हता.

बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांची स्वरपेटी काढावी लागली. आता ते मानेला असलेल्या भोकातून श्वास घेतात. त्यावर आईने जुन्या मऊ साडीचे शिवलेले रुमाल बांधतात. ओठ हलवतात, ते आम्हाला हळूहळू वाचता यायला लागले. हाक मारायची तर टाळी वाजवतात. रागावले तर खुर्चीच्या हातावर बोटं आपटतात. एरवी तब्येत ठणठणीत आहे, बागेत जातात, आंब्याच्या कलमांखाली उभे राहून गड्यांना हातवारे करतात. फक्त आवाज नाही.

आणि आवाज हीच तर त्यांची वाडीतली ओळख होती. आमच्याकडे कुठलंही कार्य गाऱ्हाण्याशिवाय पुरं होत नाही. चतुर्थी असो, जत्रा असो, नवी होडी पाण्यात घालायची असो, एक जाणता माणूस देवापुढे उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने त्याच्याशी मोठ्याने बोलतो, मागणं मागतो. प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे एका सुरात "होय म्हाराजा" म्हणतात. गाऱ्हाणं कुणी लिहून ठेवत नाही. ते ज्याच्या तोंडी असतं त्याच्याच तोंडी असतं. आमच्या वाडीत ते बाबांच्या तोंडी होतं, आणि लोक म्हणायचे की ह्यांनी घातलेलं गाऱ्हाणं देवाला ऐकू गेलं नाही असं व्हायचंच नाही, इतका दांडगा गळा.

पूर्वी कधीतरी मी हँडीकॅमवर घरच्या चतुर्थीचं चित्रण केलं होतं. त्यात एक गाऱ्हाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग होतं. बाकी बाबांचं बोलणं, हसणं, कुणावर तरी खेकसणं, असं इकडचं तिकडचं. सगळं मी एकदा या डिस्कवर उतरवून घेतलं होतं. मूळच्या टेपा दोन पावसाळ्यांत बुरशीने गेल्या. वाडीतल्या लोकांच्या मोबाईलमध्ये बाबा दिसतात, पण ऐकू येतात ते ढोल आणि झांजा. मी सगळ्यांकडे मागून पाहिलं होतं. कुणाकडे काही नाही.

बाबा रोज तिन्हीसांजेला दिवा लागला की टीव्हीसमोर बसायचे आणि मला बोटाने खूण करायचे. मी ते गाऱ्हाणं लावायचे. पडद्यावरचे बाबा सोवळं नेसून, हात जोडून, खणखणीत आवाजात सुरू करायचे, "बा देवा म्हाराजा!" आणि खुर्चीतले बाबा प्रत्येक "होय म्हाराजा"ला खुर्चीच्या हातावर हलकेच एक थाप द्यायचे. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "होय म्हाराजा." हे इतकं रोजचं झालं होतं की त्यात कुणाला काही वाटायचं नाही.

टकटक ऐकली त्या संध्याकाळी मी डिस्कची वायर काढून ठेवली आणि बाबांना सांगितलं, टीव्हीचं कनेक्शन बिघडलंय, माणूस येऊन बघेल. त्यांनी मान हलवली. मग टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि उठून अंगणात गेले.

त्या चतुर्थीला गाऱ्हाणं शेजारच्या काकांनी घातलं. भले गृहस्थ, पण मध्येच अडखळले, काय मागायचं राहिलं म्हणून बायकोकडे बघायला लागले. पोरं फिदीफिदी हसली. बाबा खुर्चीत बसून ओठ हलवत होते, एकेक शब्द जागच्या जागी. काकांना ते दिसत नव्हतं. मला दिसत होतं. मी मागच्या पडवीत जाऊन रडले, आणि रडून झाल्यावर ठरवलं की आता डिस्क घ्यायची ती अशी घ्यायची की जन्मात परत ही पाळी येऊ नये.

ठरवणं सोपं. इंटरनेटवर वाचायला बसले आणि माझी होती नव्हती तेवढी झोप उडाली. घरातल्या नेटवर्कवर चोवीस तास चालायची डिस्क कोणती चांगली, या एका प्रश्नावर जगात इतकी माणसं इतकी भांडत असतील याची मला कल्पना नव्हती. एकजण म्हणे, ही घ्या, माझी वर्षानुवर्षं चालतेय. त्याच्याच खाली दुसरा, हीच घेऊ नका, माझ्या मुलाचे बाळपणीचे फोटो गेले. मी त्या दुसऱ्याचं वाचायची. फोटो गेलेले, लग्नं गेलेली, कुणाची मेलेली आई गेलेली. तरी हात थांबायचा नाही. जखमेवरची खपली काढावी तसं चाललं होतं.

त्यातून काही गोष्टी मात्र कळल्या. साध्या कॉम्प्युटरमध्ये घालायची डिस्क वेगळी आणि सतत चालू राहायची वेगळी. काही डिस्कमध्ये जागा वाचवायला माहितीचे पट्टे एकमेकांवर चढवून ठेवलेले असतात, घरावर नळे, म्हणजे कौलं, शाकारतात तसे. आमच्याकडे छपराचा एक नळा फुटला तर तो बदलताना बाजूचे चार हलवावे लागतात, हे मी लहानपणापासून बघत आलेय. त्या डिस्कचंही तसंच. एक बदलायला गेलं की शेजारचं सगळं परत लिहायचं, आणि तेवढ्यात काही झालं तर सगळंच गेलं. ती नको, एवढं मी पक्कं केलं. शिवाय एक डिस्क पुरत नाही. दोन घ्यायच्या, दोन्हीवर तेच उतरवायचं, आणि दोन्ही एकाच खेपेला तयार झालेल्या नसाव्यात, नाहीतर जोडीने आजारी पडतात.

आईला मी हे सगळं भाकरी थापता थापता सांगितलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"इतक्या कळणा नाय तर देवाक कौल लावन बघ," ती म्हणाली. "उजवी दिल्यान तर एक, डावी दिल्यान तर दुसरी."

"आये, तुका सगळी मस्करी वाटता."

"मस्करी न्हय गो. तू चार दिस जेवक नाय धड. तेंका समाजला नाय असा वाटता तुका?"

बाबांना समजलंय, असं ती म्हणत होती. मी तो विषय तिथेच सोडला, कारण मला त्याचीच जास्त भीती होती.

मग मी कणकवलीला गेले. हायवेलगतच्या एका गाळ्यात कॉम्प्युटरचं दुकान आहे. दुकानदार माझ्याच वयाचा, बोलका, गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय वस्तू न दाखवणारा. मी जुनी डिस्क मांडीवर धरून नेली होती, टॉवेलात गुंडाळून. देवगडहून निघाल्यापासून नांदगावला हायवे लागेपर्यंत एसटी खड्ड्यात गेली की मी ती दोन्ही हातांनी उचलून धरायची. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तान्ह्या बाळाची औषधं आसत काय?" मी हो म्हटलं.

दुकानदाराने डिस्क कानाशी धरली, एकदाच चालू केली, लगेच बंद केली आणि तोंड बारीक केलं.

"ताई, हिचो आतलो काटो अडाकता हा," तो म्हणाला. "ही आता जितके वेळा चालू करशात तितकी मरतली. मी हयसर करून देय, पण हयसर दिवसातून धा वेळा लाईट जाता. घराकच करा. नवी जोडा, हातात धरा, जरा अशी तिरकी. मघाशी तिरकी धरलेली तेव्हा फिरली बघा. आणि एकदा सुरू झाली की थांबवू नका. परत सुरू जाईत याची खात्री माका नाय."

"आणि नवी कोणती घेऊ? भरवशाची?"

तो हसला. टिंगलीने नाही. "भरवशाची अशी डिस्क नसता, ताई. बंद पडाची ती पडतलीच. आपण दोन ठेवची, म्हणजे एकदम पडाच्यो नाय."

मी वॉरंटीचं विचारलं. तो म्हणाला, वॉरंटीत नवी डिस्क देतात, आतलं कुणी देत नाही. हे मलाही माहीत होतं, तरी परत एकदा विचारून घेतलं. शेवटी सतत चालायसाठी बनवलेल्या दोन डिस्क घेतल्या, दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या, आणि त्या दोघी शेजारी शेजारी बसतील अशी नेटवर्कची पेटी. लाईट गेली तर तग धरावा म्हणून बॅटरीचा डबाही हवा होता, तो त्याच्याकडे संपला होता. "पुढच्या आठवड्यात येतलो," तो म्हणाला. "तोपर्यंत कळ काढा."

मी कळ काढली नाही. घरी आल्यावर मला एकच दिसत होतं, की कपाटात टॉवेलात ठेवलेली ती डिस्क आपोआप मरत चाललीय. खारा वारा आमच्या घरात थेट शिरतो. दाराच्या कड्या, इस्त्रीचा तळ, चाव्या, सगळ्याला गंज चढतो. एका आठवड्यात त्या काट्याचं काय होईल? बॅटरी येईपर्यंत थांबावं की न थांबावं यावर मी स्वतःशीच इतकी भांडले की आई म्हणाली, एकट्याने कुणाशी बोलतेस.

इथे आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. ढगात पहिलं गुरगुरलं की घरातल्या सगळ्या वायरी उपटायच्या. टीव्ही, फ्रीज, पंप, राउटर, सगळ्याचे पलग भिंतीतून बाहेर. कोकणात हे घरोघर करतात, विशेषतः दसऱ्याच्या सुमाराला, भात कापणीला आलं की दुपारनंतर रोज आभाळ भरून येतं आणि विजा माडांवर उतरतात. पण आमच्या घरात ही नुसती काळजी नव्हती. बाबा हातातला घास टाकून उठायचे आणि पलग काढून झाल्यावर मेन स्विच खाली ओढायचे, कुणी आंघोळीला असलं तरी. लहानपणी मला वाटायचं, बाबा विजेला भितात. मोठी झाल्यावर एकदा आईने सांगितलं.

बाबांना एक धाकटी बहीण होती. मी तिला पाहिलेलं नाही. तेव्हा घरात रेडिओ होता आणि त्याची एरियलची तार ओसरीवरून मागच्या माडापर्यंत बांधलेली होती. आभाळ भरून आलेलं, रेडिओ खरखरत होता, ती तार हातात धरून हलवत होती. बाबा उंबऱ्यात उभे होते. ते ओरडले, "सोड गो ती तार!" आईच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचा आवाज तेव्हाही वाडीभर ऐकू जाईल असा होता. पण वरून गडगडाट झाला आणि तिला ऐकूच गेलं नाही. एवढंच आईने सांगितलं, आणि परत कधी त्याबद्दल बोलली नाही. बाबा तर कधीच नाही.

आज आमच्या राउटरची तार येते तीही माडामाडावरून. केबलवाल्याला खांब परवडत नाहीत.

ज्या दिवशी मी डिस्क उतरवून घ्यायला बसले त्या दिवशी सकाळी आभाळ असं निळं होतं की आईने धान्य वाळत घातलं होतं. मी ओसरीवर सतरंजी टाकली. नवी पेटी, लॅपटॉप, राउटर, सगळं जोडलं. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलेली, तोही भिंतीतल्या विजेवरच चालायचा. जुनी डिस्क डाव्या हातात धरली, दुकानदाराने सांगितली तशी तिरकी. पहिल्या दोन वेळा टकटकली आणि बंद पडली. तिसऱ्यांदा फिरायला लागली आणि फिरत राहिली. मी श्वास सोडला. सगळ्यात आधी सलग गाऱ्हाण्याची ती मोठी फाईल उतरवायला लावली.

उरलेला वेळ दाखवणारा आकडा वाढतच गेला. जरा पुढे सरकायचा आणि परत मागे यायचा. हाताला रग लागली, मनगट बधिर झालं, पण कोन बदलायची छाती होत नव्हती. आईने जेवायला हाक मारली, मी नको म्हटलं. तिने भरवू का विचारलं, तेही नको. बाबा आपल्या खुर्चीत बसून बघत होते. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं आणि त्यांनी काही विचारलं नव्हतं. पण मी हातात काय धरलंय ते त्यांना कळत होतं, हे मला त्यांच्या बसण्यावरून कळत होतं.

दुपार कलली तेव्हा ओसरीवरचा उजेड पिवळा झाला. मी वर बघितलंच नाही. समुद्राकडून पहिली गुरगुर ऐकू आली तेव्हा आई धान्य गोळा करायला धावली, जाता जाता ओरडली, "पलगी काढ गो सगळी!"

"मगे काढतंय," मी म्हटलं.

फाईल अर्ध्याच्या पुढे गेली होती. आता थांबवली तर परत चालू होणार नाही. वीज अजून लांब आहे, मी स्वतःला सांगत होते. पुढचा गडगडाट जरा जवळ झाला. जोराचा वारा सुटला, अंगणातली पातेरी, सगळा वाळका पाला, ओसरीत आली. माझी पाचावर धारण बसली होती, पण विजेच्या भीतीने नाही, आकडा थांबेल या भीतीने. माझ्या डाव्या हातात डिस्क होती आणि उजवा हात नव्या पेटीच्या धातूवर होता, ती हलू नये म्हणून. पेटीतून वायर राउटरला, राउटरमधून तार माडावर.

बाबांनी टाळी वाजवली. मी मान वर न करता म्हटलं, "थांबा, बाबा."

त्यांनी परत टाळी वाजवली, जोरात.

"दोन मिनटां बाबा, दोनच मिनटां!"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पुढचं सगळं एकदम घडलं. मेन स्विच खट्कन खाली आला, पेटीवरचे हिरवे दिवे विझले, आणि बाबांनी माझं मनगट धरून मला असं ओढलं की मी सतरंजीवरून फरशीवर आले. डिस्क हातातून सुटली आणि उंबऱ्यावर आपटली. त्याच वेळी सगळं पांढरं झालं. आवाज असा झाला की तो कानांनी ऐकला असं म्हणता येणार नाही, छातीतच झाला. राउटरमधून जळकट वास आला.

मला तेव्हा वास कळला नाही, काही कळलं नाही. मला फक्त उंबऱ्यावर पडलेली डिस्क दिसत होती.

"बाबा, ह्या काय केलात तुमी!" मी ओरडले. जन्मात त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला. "तुमचो आवाज होतो तेच्यात! सगळो गेलो! कळता तुमका?"

आई धान्याचं सूप हातात घेऊन दारात उभी होती.

बाबा माझ्यासमोर बसले. मानेवरचा रुमाल श्वासाने वरखाली होत होता. त्यांनी माझा डावा हात घेतला, उलटा केला, तळवा बघितला, बोटं एकेक करून वाकवून बघितली. मग उजवा. मग माझ्या तोंडाकडे बघून ओठ हलवले. मला पहिल्यांदा कळलं नाही, मी रडत होते. त्यांनी परत सांगितलं, हळूहळू.

"तू आसस मां?"

मी मान हलवली. त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत धरून ठेवले आणि पाऊस थांबेपर्यंत सोडले नाहीत.

जुनी डिस्क परत कधी फिरली नाही. दुकानदाराने ती ओळखीने मुंबईला डिस्क उघडून बघणाऱ्यांकडे पाठवली. त्यांनी कळवलं की चकत्यांवर चरे पडलेत, काही निघणार नाही. आठवड्याभराने मागच्या माडाच्या झावळ्या पिवळ्या पडायला लागल्या, मग एकेक करून गळल्या. विजेने मारलेला माड असाच सावकाश जातो. बाबा रोज सकाळी त्याच्याखाली जाऊन वर बघून यायचे.

नव्या डिस्क दोन्ही बचावल्या. त्यांच्यावर त्या फाईलचा अर्धामुर्धा तुकडा राहिला होता, तेवढा दुकानदाराने चालू करून दिला. आता बॅटरीचा डबा आहे, त्या तुकड्याच्या प्रती लॅपटॉपवर, माझ्या फोनवर, आईच्या फोनवर, मुंबईच्या मामेभावाकडे आहेत. तरी रात्री झोपताना मी पेटीजवळ जाऊन कान देते. भीती गेलेली नाही. ती जाईल असं मला वाटतही नाही.

तिन्हीसांजेला दिवा लागला की बाबा बोटाने खूण करतात. पडद्यावरचे बाबा हात जोडून सुरू करतात, "बा देवा म्हाराजा! आज हयसर तुझी लेकरां जमली आसत. तेंच्या हातून बरी-वायट सेवा झाली ती गोड मानून घे रे म्हाराजा!" आई आतून म्हणते, "होय म्हाराजा." खुर्चीच्या हातावर थाप पडते. "जो कोण परगावाक गेलो आसा, तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!" परत थाप. आणि मग, "ह्या माझ्या पोराबाळांक..."

तिथे चित्र थिजतं. बाबा हात जोडलेले, तोंड उघडं. पुढचं मागणं रोज ऐकून आम्हा तिघांनाही पाठ आहे, पण त्या आवाजात ते आता कुठेच नाही. बाबाही तिथे ओठ हलवत नाहीत. ते माझ्याकडे बघतात, मी जागेवर आहे ना ते, आणि खुर्चीवर थाप देतात.

मी म्हणते, "होय म्हाराजा."